सुरकुती, सुई आणि कातडीखालची बाज

पुढे वाचण्यापूर्वी एक साधा प्रयोग करा. डावा तळहात टेबलावर पालथा ठेवा. उजव्या हाताच्या चिमटीत त्याच्या पाठीवरची कातडी अलगद उचला आणि सोडून द्या. काय झाले? कातडी चटकन पूर्ववत झाली. आता आजी किंवा आजोबांना विचारून हाच प्रयोग त्यांच्या हातावर करा. तेथे कातडी सावकाश खाली बसते. चिमटीचा उंचवटा क्षणभर तसाच दिसत राहतो.

तुमची आणि आजीची कातडी एकाच तऱ्हेच्या पदार्थांची बनलेली आहे. मग हा फरक कुठून आला? आणि हल्ली पुष्कळ शहरांत त्वचेचे डॉक्टर सुईने काहीतरी टोचून चेहऱ्यावरच्या सुरकुत्या कमी करतात, ते नेमके काय टोचतात? बाटलीत भरलेले तारुण्य तर कुठल्या औषधाच्या दुकानात मिळत नाही!

गंमत अशी की या सुयांपैकी काहींमधून जे टोचले जाते ते थोड्याच काळात नाहीसे होते, आणि परिणाम मात्र त्यानंतर दिसू लागतो. हे कसे घडते ते समजण्यासाठी आधी कातडीच्या आत डोकावू या.

सरस, जेली आणि कांगारूची शेपटी

कातडीचे वरचे पटल, म्हणजे बाह्यत्वचा, फार पातळ असते. खरी जाडी आणि बळकटी असते ती तिच्या खालच्या अंतस्त्वचेत. गावाकडे सुंभाने विणलेली बाज तुम्ही पाहिली असेल. अंतस्त्वचा तशीच आहे. तिच्यात आडव्यातिडव्या दोरांची दाट वीण असते आणि हे दोर कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे असतात. अंतस्त्वचेतले पाणी काढून टाकले तर उरलेल्या वजनाचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कोलॅजेनचा भरेल. (ताणलेली कातडी परत जागेवर आणण्यात इलॅस्टिन नावाच्या दुसऱ्या एका प्रथिनाचाही मोठा वाटा आहे. पण आज आपण दोरांकडेच लक्ष देऊ.)

कोलॅजेन तुमच्या ओळखीचेच आहे. सुतार लाकूड चिकटवायला वापरत असलेला जुन्या पद्धतीचा सरस हा जनावरांची कातडी आणि हाडे उकळून काढलेले कोलॅजेनच. ग्रीक भाषेत सरसाला ‘कोला’ म्हणतात, त्यावरूनच कोलॅजेन हे नाव पडले. थरथरणारी जेली आणि औषधाच्या कॅप्सूलचे टरफल ज्या जिलेटिनचे बनते, ते म्हणजे उकळून सैल झालेले कोलॅजेन.

ज्यांच्या घरी सामिष जेवण होते त्यांना आणखी एक प्रयोग करता येईल. कोंबडीच्या तंगडीचे हाड स्वच्छ धुऊन आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. मधून मधून व्हिनेगर बदला. आठ दिवसांनी हाड रबरासारखे वाकू लागेल! हाडाला कडक करणारे कॅल्शियमचे खनिज व्हिनेगरमध्ये विरघळून गेले आणि मागे राहिली ती कोलॅजेनची वीण. या खनिजाची आठवण ठेवा, पुढे ते पुन्हा भेटणार आहे.

हे दोर आतून कसे वळलेले आहेत, हे कोडे सुटले ते आपल्याच देशात. १९५२ साली डॉ. जी. एन. रामचंद्रन मद्रास विद्यापीठात पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक झाले, तेव्हा ते जेमतेम तीस वर्षांचे होते. प्रसिद्ध ब्रिटिश शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले असताना बोलता बोलता म्हणाले की, कोलॅजेनची रचना अजून कोणालाच नीट उलगडलेली नाही. रामचंद्रन यांनी तेच काम हाती घेतले. मद्रासमध्ये केंद्रीय चर्मसंशोधन संस्था होतीच, आणि चामडे म्हणजे दुसरे काय, तर कमावलेले कोलॅजेन! कांगारूच्या शेपटीतली कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी दोरी, घेऊन तिच्यावर क्ष-किरण सोडण्यात आले. उमटलेल्या ठिपक्यांवरून रामचंद्रन आणि त्यांचे सहकारी गोपीनाथ कर्था यांनी १९५४ साली जाहीर केले की, कोलॅजेनचा रेणू तीन पेडांचा आहे. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवले की, हे तीन पेड एकमेकांभोवती दोरासारखे पिळलेले आहेत. बारीकसारीक तपशिलांवरून इंग्लंडमधल्या क्रिक आणि रिच या शास्त्रज्ञांशी त्यांचा वाद झाला, काही दुरुस्त्याही झाल्या. पण तीनपदरी दोराची मूळ कल्पना टिकली. या दोरात दर तिसरा मणी ग्लायसीन या सर्वांत लहान ॲमिनो आम्लाचा असावाच लागतो. कारण तिन्ही पेड जेथे आत भिडतात, तेथे त्याहून मोठ्या मण्याला जागाच नाही.

हे दोर वळणारे कारागीरही अंतस्त्वचेतच राहतात. त्या पेशींना फायब्रोब्लास्ट म्हणतात. आपण त्यांना ‘विणकर पेशी’ म्हणू. बाज एकदा विणली म्हणजे त्यांचे काम संपत नाही. जुने दोर तुटत असतात, नवे वळावे लागतात. हे किती खरे आहे, याचा एक भयंकर पुरावा अठराव्या शतकातला आहे. नव्या दोरांचे पेड पक्के बसण्यासाठी ‘क’ जीवनसत्त्व लागते. ते महिनोन्‌महिने मिळाले नाही की स्कर्व्ही होतो. १७४०च्या दशकात इंग्रज नौदलाचे अधिकारी जॉर्ज ॲन्सन जगप्रदक्षिणेला निघाले, तेव्हा त्यांच्या जहाजांवर स्कर्व्हीने शेकडो खलाशी मेले. त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याच्या अंगावर पन्नास वर्षांपूर्वीच्या लढाईतल्या जखमांचे व्रण होते. त्या केव्हाच भरून आलेल्या जखमा पुन्हा उघडल्या! व्रणातले कोलॅजेन अर्ध्या शतकानंतरही रोज डागडुजी मागत होते. ती थांबली आणि बाज उसवली.

बाज सैल का होते?

वय वाढते तसे विणकर पेशींचे काम मंदावते. पण वयाहूनही मोठा चोर आहे तो ऊन. तुमच्या घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या दंडाची आतली बाजू आणि मनगटाची वरची बाजू शेजारी शेजारी पाहा. दोन्हींचे वय एकच, पण आतली कातडी किती तुकतुकीत दिसते! उन्हातले अतिनील किरण लागले म्हणजे कातडीतल्या पेशी कोलॅजेन कापणारी विकरे तयार करतात. दोरांवर जणू कात्री चालू लागते.

२०१२ साली अमेरिकेतल्या एका वैद्यकीय नियतकालिकात एका मालमोटारचालकाचे छायाचित्र आले. वय ६९ वर्षे. त्याने २८ वर्षे मालाची ने-आण करणारी गाडी चालवली होती. त्याच्या चेहऱ्याची उजवी बाजू वयाला शोभेल अशी होती. डाव्या बाजूला मात्र कातडीच्या जाड वळ्या आणि खोल सुरकुत्या पडल्या होत्या. अमेरिकेत चालक डाव्या बाजूला बसतो. खिडकीची काच जळजळ करणारे किरण अडवते, पण अतिनील-ए हे लांब लहरीचे किरण तिच्यातून आरपार येतात, आणि तेच कातडीत खोल जातात. आपल्याकडे चालक उजवीकडे बसतो, तेव्हा कोणती बाजू आधी रापेल ते तुम्हीच सांगा.

मेण, गाय आणि तीन महिने

सैल झालेला चेहरा भरून काढण्याची खटपट जुनी आहे. व्हिएन्नाच्या रॉबर्ट गेर्सुनी या शल्यविशारदाने १८९९ साली शरीरातला खळगा भरण्यासाठी व्हॅसलीन टोचले. मग पॅरॅफिनच्या मेणाची लाटच आली. सुरुवातीला चेहरे छान दिसले. पुढे हे मेण जागचे सरकले, त्याच्या गाठी झाल्या, त्या कापून काढताना चेहरे विद्रूप झाले. शरीराला न पचणारी वस्तू कायमची आत ठेवून दिली म्हणजे काय होते, याचा हा धडा पुष्कळांना आपल्या चेहऱ्याची किंमत देऊन मिळाला.

मग विचार आला, कोलॅजेन कमी झाले आहे ना, मग कोलॅजेनच भरू या. गाईच्या कातडीतून शुद्ध केलेले कोलॅजेन टोचण्यास अमेरिकेत १९८१ साली परवानगी मिळाली. शंभरातल्या साधारण तिघांना त्याची ॲलर्जी होई, म्हणून आधी हातावर थोडेसे टोचून महिनाभर वाट पाहावी लागे. आणि एवढे करून ते टिके किती? काही महिने! शरीरातल्या कात्र्या पाहुण्या कोलॅजेनलाही सोडत नाहीत. आयते दोर आणून बाजेवर नुसते टाकले, पण ते विणले कोणी नाहीत, असा तो प्रकार होता.

येथे एक गोष्ट सांगून टाकतो, कारण जाहिराती तुम्हीही पाहता. कोलॅजेनचे मलम चेहऱ्याला चोळले तर ते आत जात नाही. एवढा मोठा रेणू बाह्यत्वचेतून शिरूच शकत नाही. वर राहून तो कातडीला ओलसर ठेवतो, इतकेच. आणि कोलॅजेनची भुकटी खाल्ली तर पोट तिचे तुकडे करते, जसे डाळीतल्या नाहीतर अंड्यातल्या प्रथिनांचे करते. ते तुकडे गालावर नेऊन बसवायचे की आणखी कुठे, हे शरीर जाहिरात वाचून ठरवत नाही.

आजार चेहऱ्यावर लिहिलेला

पुढचे पाऊल सौंदर्यासाठी पडले नाही. ते एका आजारापायी पडले, आणि मला तर या साऱ्या कथेतला हाच भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

१९९६च्या सुमारास एच.आय.व्ही.वर अनेक औषधे एकत्र देण्याचा उपचार सुरू झाला आणि मरणाच्या दारातली माणसे उठून कामाला लागली. पण त्यांतल्या काही औषधांचा, विशेषतः स्टॅव्ह्युडिन या औषधाचा, एक विचित्र दुष्परिणाम दिसू लागला. गालांतली चरबी झिजून जाई. गाल आत जात, हाडे वर येत, चेहरा कवटीसारखा दिसे. माणूस आतून बरा असे, पण रस्त्यात पाहणारा त्याचा आजार ओळखे. ज्या आजाराच्या नुसत्या नावाने शेजारी दार लावून घेत आणि नोकरी जाई, तो आजार असा चेहऱ्यावर लिहिलेला! औषध जीव वाचवते आणि तेच गुपित फोडते. आता औषध घ्यावे की सोडावे, असा पेच कित्येकांपुढे उभा राहिला. भारत सरकारने १ एप्रिल २००४ रोजी मोफत औषधयोजना सुरू केली, तिच्यातही प्रारंभीच्या काळात हे स्वस्त औषध होते. जागतिक आरोग्य संघटनेने ते टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा सल्ला दिला तो २००९ साली.

या रुग्णांच्या गालांसाठी डॉक्टरांनी एक जुनाच पदार्थ नव्या कामाला लावला: पॉलि-एल-लॅक्टिक आम्ल. नावाला भिऊ नका. लॅक्टिक आम्ल म्हणजे दह्याला आंबटपणा देणारे आम्ल. त्याचे रेणू साखळीसारखे जोडले की घट्ट प्लॅस्टिकसारखा पदार्थ बनतो. असा पदार्थ ओलाव्यात हळूहळू सुटा होतो, म्हणून शस्त्रक्रियेतले आपोआप विरघळणारे टाके आणि हाडातले स्क्रू बनवायला या कुळातले पदार्थ आधीपासून वापरात होते. युरोपात १९९९ साली त्याची भुकटी टोचण्यास मान्यता मिळाली. पॅरिसमध्ये एच.आय.व्ही.च्या ५० रुग्णांवर हा उपचार करून पाहण्यात आला आणि गालाच्या कातडीची जाडी श्राव्यातीत ध्वनीच्या साहाय्याने मोजली गेली. वर्षभराने ती सुमारे ७ मिलिमीटरने वाढलेली आढळली! अमेरिकेने २००४ साली याच रुग्णांसाठी परवानगी दिली. निरोगी माणसांच्या सुरकुत्यांसाठीची परवानगी तेथे त्यानंतर पाच वर्षांनी, २००९ साली मिळाली.

सुई जाते, मग काय होते?

भुकटीचे कण ४० ते ६३ मायक्रोमीटरचे असतात. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, आणि तुमच्या डोक्यावरचा केस साधारण ७० मायक्रोमीटर जाडीचा असतो. भुकटी निर्जंतुक पाण्यात कालवून कातडीच्या खालच्या भागात टोचतात. लगेच गाल भरल्यासारखा दिसतो, पण ते केवळ पाणी. दोन-चार दिवसांत पाणी शोषले जाते आणि गाल पुन्हा पूर्वीसारखा! नव्या रुग्णाला वाटते, पैसे गेले.

आत मात्र धावपळ सुरू झालेली असते. शरीरात परकी वस्तू आली की भक्षक पेशी तिच्याकडे धावतात आणि तिला गिळू पाहतात. जंतू त्या सहज गिळतात. पण भक्षक पेशी स्वतःच जेमतेम २० मायक्रोमीटरची. तिच्या दुप्पट-तिप्पट मोठा कण ती गिळणार कशी? मग त्या कणाला वेढा घालून बसतात, काही तर एकमेकींत मिसळून मोठ्या होतात, आणि रासायनिक संदेश सोडतात. ते ऐकून विणकर पेशी येतात. परकी वस्तू हटवता येत नसेल तर तिच्याभोवती कुंपण घालायचे, हा शरीराचा जुना रिवाज आहे. मोत्याचा शिंपलाही आत शिरलेल्या आगंतुकाभोवती थरावर थर चढवतो, तसेच हे. विणकर पेशी प्रत्येक कणाभोवती कोलॅजेनचे दोर वळू लागतात. असे लक्षावधी कण पसरलेले असले की कुंपणांची मिळून एक नवी वीणच तयार होते.

याला महिने लागतात. म्हणून हा उपचार काही आठवड्यांच्या अंतराने दोन-तीन वेळा करतात. दरम्यान कणांतल्या साखळ्या पाण्याने तुटत जातात, त्यांचे लॅक्टिक आम्ल होते आणि शेवटी ते कार्बन डायऑक्साइड आणि पाणी होऊन बाहेर पडते. धावताना तुमच्या स्नायूंत तयार होणाऱ्या लॅक्टिक आम्लाची विल्हेवाट लागते, तशीच याची. उरते ते शरीराने स्वतः वळलेले कोलॅजेन. ते दोनेक वर्षे टिकते, आणि मग त्यावरही रोजची कात्री चालतेच.

आठवते ना ते हाडातले खनिज? त्याच खनिजाचे, कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपटाइटचे, गुळगुळीत गोल कण करून दाट द्रवात मिसळून टोचण्याचाही एक प्रकार आहे. अमेरिकेत त्याला २००६ साली मान्यता मिळाली. कण २५ ते ४५ मायक्रोमीटरचे. द्रव आधी जागा भरतो, तो गेल्यावर कणांभोवती वीण तयार होते. असा गाल क्ष-किरणांच्या छायाचित्रात पांढुरका दिसू शकतो, हे दाताच्या डॉक्टरांना ठाऊक असलेले बरे!

आता विचार करा, कण एकाच जागी गोळा झाले तर काय होईल? कुंपण एकाच गोळ्याभोवती पडेल आणि कातडीखाली गाठ हाताला लागेल. सुरुवातीच्या वर्षांत अशा गाठी पुष्कळ होत. भुकटी अधिक पाण्यात, अधिक वेळ भिजवू लागल्यावर त्या कमी झाल्या. रुग्णाला घरी मालीश करायला सांगतात: पाच दिवस, दिवसातून पाच वेळा, पाच पाच मिनिटे.

गाठीपेक्षा मोठा धोका आहे तो सुई रोहिणीत शिरण्याचा. नाक आणि कपाळाजवळच्या काही रोहिण्या डोळ्याच्या रक्तपुरवठ्याशी जोडलेल्या असतात. टोचलेला पदार्थ त्यांच्यात शिरला तर कायमचे अंधत्व येऊ शकते, आणि तशी उदाहरणे घडली आहेत. चेहरा भरण्याच्या दुसऱ्या एका पदार्थाला, हायलुरॉनिक आम्लाला, विरघळवणारे विकर उपलब्ध आहे. या दोन्ही कणांना तसा उतारा नाही. म्हणूनच चेहऱ्याखालचा नकाशा ज्याने शिकलेला नाही, त्याच्या हाती ही सुई देणे धोक्याचे. अमेरिकेत २०१८ साली न्यू मेक्सिको राज्यातल्या एका सौंदर्यगृहात, ग्राहकाचेच रक्त काढून त्यातला भाग सुयांनी त्याच्या चेहऱ्यात टोचण्याचा प्रकार चालत असे. कोलॅजेनला चालना मिळावी हाच त्याचाही हेतू. तेथे सुया आणि रक्ताच्या नळ्या बेफिकिरीने हाताळल्या जात. तिघा ग्राहकांना एच.आय.व्ही.ची लागण बहुधा तेथेच झाली, असा तपासाचा निष्कर्ष २०२४ साली प्रसिद्ध झाला. ज्या आजाराच्या रुग्णांना चेहरा परत मिळावा म्हणून ही विद्या वाढली, तोच आजार एका घाणेरड्या सुईतून चेहऱ्यासाठी आलेल्या निरोगी माणसांकडे गेला.

चेहऱ्यात टोचायच्या या पदार्थांना अमेरिकेत मान्यता आहे ती २२ वर्षे आणि त्यापुढच्या माणसांसाठीच. तुमच्या वयात विणकर पेशी कोणी न चिथावताच कामात गढलेल्या असतात.

म्हातारे विणकर थकलेले असतात का?

हा प्रश्न मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी फार सुंदर रीतीने विचारला. त्यांनी ११ वृद्ध स्वयंसेवकांच्या उन्हाने रापलेल्या हाताच्या कातडीत हायलुरॉनिक आम्लाचा लगदा टोचला. हा पदार्थ नुसता पाणी धरून जागा भरतो, असे तोवर सर्वांना वाटत होते. तुलनेसाठी दुसऱ्या जागी मिठाचे साधे द्रावण टोचले. ४ आणि १३ आठवड्यांनी कातडीचे बारीक तुकडे काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. लगद्याच्या कडेने नवे कोलॅजेन तयार झाले होते! मिठाच्या द्रावणाजवळ तसे काही नव्हते. हा निबंध २००७ साली प्रसिद्ध झाला.

तेथल्या विणकर पेशी लांब, ताणलेल्या दिसत होत्या. तरुण कातडीत त्या तशाच असतात: भोवतालच्या ताठ दोरांना धरून, अंग ताणून. म्हातारपणी दोर तुटतात, धरायला काही उरत नाही, पेशी आक्रसून गोळा होते. आणि आक्रसलेली पेशी दोर कमी वळते, कात्र्या मात्र जास्त बनवते. मग दोर आणखी तुटतात. लगद्याने एवढेच केले की सैल पडलेली बाज पुन्हा ताणली. विणकरांना पकड मिळाली आणि त्या सत्तरीच्या हातांतल्या पेशी पुन्हा दोर वळू लागल्या.